कांद्याच्या टरफलांत रंगलेली अंडी: ईस्टरसाठी घरच्या घरी

ईस्टरला दोन आठवडे उरले की भाजीवाल्याकडे कांद्याच्या टोपलीच्या तळाशी साठलेली टरफलं मागून ठेवा. तो ती फेकूनच देणार असतो, त्यामुळे पिशवीभर सहज मिळतात. घरात रोज चिरल्या जाणाऱ्या कांद्यांची कोरडी सालंही एका कागदी पिशवीत टाकत जा. प्लास्टिकच्या पिशवीत टाकू नका, त्यात ओल धरून बुरशी येते. अंडी रंगवण्याच्या कामात सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. बाकी हळद, व्हिनेगर, चहापत्ती वगैरे घरात असतेच.

वसईत, मुंबईत, गोव्यात ईस्टर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बेकरीतली मार्झिपानची किंवा चॉकलेटची अंडी येतात. काजूच्या मार्झिपानची, वर आयसिंगची फुलं काढलेली ती अंडी आपल्याकडची खासियत आहे आणि ती घ्यावीतच. पण खरं कोंबडीचं अंडं रंगवायची रीत त्याहून कितीतरी जुनी. ग्रीसपासून युक्रेनपर्यंत, सर्बियापासून जर्मनीपर्यंत ती आजही घराघरांत चालते. मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या मात्र अंडी घालायच्या थांबत नसत. साठलेली अंडी सणाला रंगवून वाटली जात आणि उपवास सुटताना खाल्ली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 सालच्या घरखर्चाच्या नोंदीत ईस्टरच्या 450 अंड्यांसाठी 18 पेन्स मांडलेले आहेत. बंद थडगं आणि त्यातून उठलेला ख्रिस्त हा अर्थ ख्रिस्ती माणसाला अंड्याच्या बंद कवचात दिसतो. ग्रीक घरांत पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, अंडी लाल रंगवतात, तो लाल ख्रिस्ताच्या रक्ताचा.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा साधारण हिशेब. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान येतो. 2026 मध्ये 5 एप्रिल, 2027 मध्ये 28 मार्च. म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळा. इथल्या उन्हाळ्यात अंडी किती वेळ बाहेर राहतात याला फार महत्त्व आहे, म्हणून ते खाली वेळोवेळी सांगितलं आहे.

अंडी निवडताना

पोल्ट्रीची पांढरी अंडी घ्या. पांढऱ्या कवचावर कुठलाही रंग खरा दिसतो. गावरान किंवा तपकिरी अंडी मिळाली तर तीही चालतात, फक्त त्यांचा स्वतःचा रंग खालून मिसळतो. लाल कोबीच्या पाण्यात पांढरं अंडं निळं होतं, तर तपकिरी अंडं हिरवट. हळदीत तपकिरी अंडं मोहरीच्या रंगावर जातं. कांद्याच्या टरफलांत मात्र तपकिरी अंडी पांढऱ्यांपेक्षाही गडद आणि सुंदर निघतात.

अगदी ताजी अंडी घेऊ नका. चार-सहा दिवसांची अंडी उकडल्यावर नीट सोलली जातात. अंडं शिळं होत जातं तसा आतला कार्बन डायऑक्साइड कवचातून बाहेर पडतो, पांढरा बलक जास्त अल्कधर्मी होतो आणि आतल्या पापुद्र्याला कमी चिकटतो. प्रत्येक अंडं उजेडाकडे धरून फिरवून बघा. केसासारखी बारीक चीर असेल तर ते ऑम्लेटला ठेवा. चिरलेलं अंडं उकळत्या रंगात हमखास फुटतं आणि सगळं पाणी गढूळ करतं.

आपल्याकडच्या अंड्यांना बऱ्याचदा विष्ठेचा किंवा पिसाचा तुकडा चिकटलेला असतो. रंगवायला घेण्याआधी कोमट पाण्याखाली बोटांनी हलकेच धुवा. घासणीने खरवडू नका. कवचावर प्रथिनांचा एक पातळ थर असतो आणि रंग बऱ्याच अंशी त्यालाच पकडतो. एका जागी तो थर घासून गेला की तिथे रंग फिका बसतो आणि अंडं डागाळलेलं दिसतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना ही काळजी घ्यावी लागत नाही, तिथली अंडी धुऊनच दुकानात येतात. धुतल्यावर मऊ फडक्याने टिपून घ्या. हाताला तेल, तूप किंवा क्रीम लागलेलं नसावं. तेलकट बोटाचा ठसा रंगाखाली स्पष्ट उमटतो.

व्हिनेगर कशासाठी

अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. आम्ल लागलं की त्यावर बारीक बुडबुडे येतात, पृष्ठभाग किंचित खडबडीत होतो, आणि आम्लधर्मी पाण्यात खाद्यरंग वरच्या प्रथिनांना घट्ट धरतो. म्हणून रंगाच्या पाण्यात पांढरं व्हिनेगर घालतात. नैसर्गिक रंगाला एक लिटर पाण्यामागे दोन मोठे चमचे पुरे. जास्त ओतलं तर रंग जास्त चढेल, असं मुळीच नाही. उलट कवच खाल्लं जातं, बुडबुडे एका जागी अडकून पांढरे ठिपके पडतात आणि वरचा थर बोटाने पुसला जातो. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो, पण रंग थोडा पट्ट्यापट्ट्यांचा येतो.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात आम्ल गेलं की पातेलं काळवंडतं आणि रंगही बिघडतो.

कांद्याची टरफलं आणि पानांची नक्षी

घरी एकच प्रकार करायचा असेल तर हा करा. सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया या भागांत घरोघरी असंच रंगवतात. यात रंग आणि नक्षी एकाच वेळी होतात, ब्रश लागत नाही, आणि प्रत्येक अंडं वेगळं निघतं.

दहा-बारा अंड्यांसाठी पंधरा-वीस कांद्यांची टरफलं लागतात; मोठं पातेलं सैलसर भरेल इतकी. ती दीड लिटर पाण्यात घालून उकळी आणा, आच कमी करा आणि अर्धा तास उकळू द्या. पाणी काळसर लाल दिसायला लागेल. गॅस बंद करून ते पूर्ण थंड होऊ द्या. गाळलं तरी चालेल. टरफलं तशीच ठेवली तर ती अंड्यांना चिकटून संगमरवरासारखे ठिपके येतात. कुणाला ते आवडतात, कुणाला सपाट रंग हवा असतो. पानांची नक्षी करायची असेल तर गाळाच, नाहीतर दोन्हीची सरमिसळ होते. मग तीन मोठे चमचे व्हिनेगर घाला.

पाणी थंड होतंय तोवर पानं जमवा. बारीक कातरलेली, चपटी पानं हवीत. कोथिंबीर यात पहिल्या नंबरावर. शेवग्याची पानं गोल ठिपक्यांची वेल काढतात, चिंचेचा पाला पिसासारखा उमटतो, गाजराचा पाला आणि कुंडीतलं नेचं फार नाजूक दिसतं, मेथीचं तीन पानांचं टोक लहान मुलांना आवडतं. कढीपत्ता जाड असल्यामुळे कवचावर बसत नाही आणि त्याच्या कडेखालून रंग आत शिरतो. कण्हेर, रुई, धोतरा यांची पानं या पातेल्यात कधीही घालू नका. ती विषारी आहेत आणि ही अंडी आपण खाणार आहोत. मुलांना पानं आणायला पाठवलंत तर आणलेली पानं आधी स्वतः बघा.

आता बांधायचं. जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचे साधारण चार इंचांचे तुकडे कापा. पायमोजा नसेल तर जुन्या मलमलीच्या ओढणीचा किंवा धोतराचा तुकडा घ्या. कच्चं अंडं पाण्यात बुडवून ओलं करा. पान पाण्यात भिजवून, शिरांची बाजू खाली ठेवून अंड्यावर लावा आणि कडेपासून टोकापर्यंत बोटाने दाबत न्या. बसत नसेल तर पांढऱ्या बलकाचा एक थेंब लावा. पायमोजा वरून ताणून मागे गोळा करा आणि दोऱ्याने करकचून गाठ मारा. सगळं काम या ताणावर अवलंबून आहे. अंडं हातात फिरवून बघितलं तर पानाचं प्रत्येक टोक कवचाला टेकलेलं दिसलं पाहिजे. एक टोक जरी उचललेलं राहिलं तरी तिथे पानाच्या आकाराऐवजी तपकिरी डाग येतो.

बांधलेली कच्ची अंडी थंड रंगात एका थरात ठेवा. ती पूर्ण बुडायला हवीत. मंद आचेवर उकळी आणा. एकदम मोठ्या आचेवर ठेवलंत तर अंडी एकमेकांवर आपटून तडकतात. उकळी आली की आच बारीक करा आणि बारा मिनिटं ठेवा. त्याहून जास्त उकळलं तर पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडा येते. ती लोह आणि गंधक एकत्र आल्यामुळे येते. खायला त्रास नाही, पण दिसायला नकोशी वाटते.

गॅस बंद केल्यावर घाई करू नका. अर्धा रंग आता चढायचा आहे. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि तासाभरात अंड्यांसकट फ्रिजमध्ये घाला. रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या. उकळून लगेच काढलेलं अंडं नारिंगी-विटकरी असतं. रात्रभर राहिलेलं गडद तांबूस, जुन्या सागवानी फर्निचरच्या रंगाचं होतं. आपल्या लाल कांद्याची टरफलं असतील तर कधी त्यावर जांभळट झाक येते. कांद्यांच्या जातीप्रमाणे हे बदलतं आणि दोन बाजारांतली टरफलं एकसारखी रंगत नाहीत.

सकाळी गाठ कापा. पायमोजा सोलून काढल्यावर पान अजून चिकटलेलंच असतं. नख न लावता, पाण्याच्या बारीक धारेखाली अंगठ्याने हळूच सरकवा. खालचा आकार पांढरा किंवा फिक्या पिवळ्या रंगाचा असतो, आणि कोथिंबिरीच्या पानाची एकेक शीर त्यात उमटलेली दिसते. ओल्या अंड्याचा रंग अजून कच्चा असतो, घासू नका. जाळीवर किंवा अंड्याच्या ट्रेमध्ये उभं वाळू द्या. पूर्ण वाळल्यावर फडक्याला खोबरेल तेलाचे दोन थेंब लावून फिरवा. निस्तेज दिसणारा रंग एकदम खुलतो.

दुसरे रंग

कांद्याखेरीज मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो लाल कोबी. अर्धा गड्डा चिरून लिटरभर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळा, गाळा, गार करा आणि दोन चमचे व्हिनेगर घाला. पाणी जांभळं असतं, व्हिनेगरने गुलाबी होतं, आणि अंडं मात्र निळं निघतं. कोबीतलं रंगद्रव्य आम्लात लाल आणि अल्कलीत निळं होतं; कवच स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे ते रंगाला निळ्याकडे ओढतं. मुलांना लिटमस शिकवायचं असेल तर याहून चांगला प्रयोग नाही. यात उकडून गार केलेली अंडी घालायची आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवायचं. अर्ध्या तासात आकाशी, रात्रभरात गडद निळा. ओला असताना हा रंग फार लवकर पुसला जातो, म्हणून अंडं चमच्याने उचला.

हळदीला वेळ लागत नाही. लिटरभर पाण्यात तीन मोठे चमचे हळद दहा मिनिटं उकळून, फडक्यातून गाळून, व्हिनेगर घालायचं. वीस मिनिटांत पिवळं अंडं तयार. रात्रभर ठेवू नका, हळदीचा गाळ बसून कवच खरखरीत होतं. पिवळं झालेलं अंडं वाळवून पुन्हा कोबीच्या पाण्यात थोडा वेळ ठेवलं की हिरवा मिळतो. पालक उकळून हिरवा काढायचा प्रयत्न करू नका. रंग जवळजवळ येतच नाही आणि पालक वाया जातो. हळदीचा पिवळा उन्हात लवकर उडतो, तेव्हा ही टोपली खिडकीत मांडू नये.

दारात गोकर्णीचा वेल असेल तर निळी फुलं मूठभर उकळा, सुंदर आकाशी येतो. चहापत्तीने तपकिरी येतो. बिटाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. पाणी इतकं लालभडक असतं की गुलाबी अंडी मिळणार असं वाटतं, पण बिटाचा रंग उष्णतेने मोडतो आणि अंडं मळकट गुलाबी किंवा तपकिरी होतं. गुलाबी हवाच असेल तर खाद्यरंग वापरा. अर्धा कप गरम पाणी, एक लहान चमचा व्हिनेगर, दहा-पंधरा थेंब द्रवरूप खाद्यरंग, आणि उकडलेलं अंडं त्यात पाच मिनिटं. मुलं अगदी लहान असतील आणि रात्रभर थांबायची त्यांची तयारी नसेल, तर हाच मार्ग बरा.

खाद्यरंगाच्या बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, शिक्का बघून घ्या. होळी-रंगपंचमी नुकतीच होऊन गेलेली असते आणि घरात रंगांच्या पुड्या उरलेल्या असतात. त्या अंड्यांना लावू नका. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि रंग त्यांतून आत झिरपतो. सोललेल्या अंड्यावर कधी निळे-पिवळे ठिपके दिसतात ते त्यामुळेच. पोस्टर कलर, अॅक्रिलिक, नेलपॉलिश, चमकी हे सगळं फक्त पोकळ, न खायच्या अंड्यांसाठी.

मेणाची नक्षी

युक्रेनमधली पिसांका ही या कलेची सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर शाखा. 2024 मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या कोलोमिया गावात पिसांकांचं संग्रहालय आहे आणि त्याची इमारतच प्रचंड अंड्याच्या आकाराची आहे. तत्त्व आपल्या बाटिकसारखंच: जिथे मेण, तिथे नवा रंग चढत नाही. पांढऱ्या अंड्यावर जे पांढरं राहायला हवं ते आधी मेणाने झाकतात, मग अंडं पिवळ्यात बुडवतात. पिवळं राहायला हवं ते झाकून नारिंगीत, मग लालात, शेवटी काळ्यात. फिक्याकडून गडदाकडे, हा क्रम मोडता येत नाही. शेवटी मेण वितळवून पुसलं की सगळे रंग एकदम उघडे होतात.

घरी सुरुवात करताना त्यांची खास तांब्याची लेखणी लागत नाही. पेन्सिलच्या मागच्या खोडरबरात एक टाचणी टोचा, डोकं बाहेर ठेवून. स्टीलच्या चमच्यात मधमाशांच्या मेणाचा तुकडा मेणबत्तीवर वितळवा. टाचणीचं डोकं मेणात बुडवून अंड्यावर टेकवलं की ठिपका, टेकवून ओढलं की थेंबाच्या आकाराची शेपटी. आठ शेपट्या गोलात ओढल्या की फूल झालं. ठिपक्यांची रांगोळी ज्यांच्या हातात आहे त्यांना हे दहा मिनिटांत जमतं. मेण पटकन गोठतं, म्हणून प्रत्येक रेघेला टाचणी पुन्हा बुडवा. लहान मुलांना ज्योतीजवळ बसवू नका. त्यांना पांढरा मेणखडू द्या. त्याने अंड्यावर नाव लिहून रंगात बुडवलं तरी अक्षरं पांढरी उमटतात.

मेणकाम केलेलं अंडं गरम रंगात घालायचं नाही. मधमाशांचं मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून सरकतं. रंग पूर्ण गार हवा, आणि अंडंही आधी उकडून गार केलेलं. मेण काढताना अंडं ज्योतीच्या वर धरलं की काजळी बसते. ज्योतीच्या बाजूला धरा, मेण चकाकायला लागलं की लगेच टिशूने पुसा, मग पुढचा भाग.

वर्षानुवर्षं ठेवायची असतील तर

उकडलेली अंडी ठेवण्यासाठी नसतात, पोकळ केलेली टिकतात. कच्चं अंडं साबणाच्या पाण्याने धुवा. जाड सुईने निमुळत्या टोकाला एक छिद्र पाडा, रुंद टोकाला त्याहून मोठं, साधारण तांदळाच्या दाण्याएवढं. सुई फिरवत हळूहळू वाढवलं तर कवच तडकत नाही. सरळ केलेल्या तारेने आतला बलक फोडा. तोंडाने फुंकायची पद्धत जुनी आहे, पण कवचावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा आणि लहान छिद्रातून हवा ढकला. खाली वाटी धरा. निघालेलं अंडं त्याच दिवशी नीट शिजवून संपवा, केकला उत्तम. कवचात पाणी भरून दोन-तीनदा खळखळवा आणि मोठं छिद्र खाली ठेवून एक-दोन दिवस वाळू द्या.

पोकळ अंडं रंगात तरंगतं, म्हणून वरून वाटीने दाबून ठेवावं लागतं. टांगायचं असेल तर काडेपेटीच्या अर्ध्या काडीच्या मधोमध दोरा बांधा आणि काडी वरच्या छिद्रातून उभी आत सोडा. दोरा ओढला की ती आडवी होऊन अडकते. जर्मनीत अशी अंडी फुलदाणीतल्या फांद्यांना टांगतात. आपल्याकडे त्या दिवसांत पर्णहीन झालेली चाफ्याची फांदी त्यासाठी छान दिसते. सण झाला की ही अंडी कागदात गुंडाळून अंड्याच्याच ट्रेमध्ये, कोरड्या कपाटात ठेवायची. पिशवीचं तोंड घट्ट बांधू नका, आत ओल राहिली असेल तर वास येतो.

उकडून रंगवलेली अंडी खायची असतील तर फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नकोत, आणि एप्रिलच्या उकाड्यात तर एक तासच. टेबलावर दिवसभर मांडायला पोकळ अंडी ठेवा, खायची जेवायच्या वेळी काढा. ग्रीक घरांत जेवताना दोघं जण एकेक लाल अंडं घेऊन टोकावर टोक आपटतात. ज्याचं फुटत नाही तो पुढच्याशी खेळतो, आणि शेवटपर्यंत ज्याचं शाबूत राहतं त्याचं वर्ष चांगलं जातं असं मानतात. आपटून फुटलेली अंडी तिथेच मीठ-मिरपूड लावून खायची असतात. उरलेली फ्रिजमध्ये आठवडाभर चालतात. दुसऱ्या दिवशीच्या रश्शात ती सोलून टाकताना कांद्याच्या रंगाची तपकिरी रेघ पांढऱ्या बलकावर दिसली तर काळजी करू नका. ती कवचाच्या बारीक चिरेतून उतरलेली असते आणि खायला काहीच हरकत नसते.